पिंपांवरची कोळिष्टकं

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी पदर कमरेला घट्ट खोचला आणि शेवटचं कोळिष्टक झाडूच्या एका फटक्यात खाली ओढलं. केवढं होतं म्हणता! लहान मुलाची दुलई होईल एवढं. ते नेमकं माझ्याच डोक्यावर पडलं. 'विठ्ठल, विठ्ठल' करत मी ते झटकलं आणि खाली पाहिलं. लाकडाची चाळीस पिंपं दोन ओळींत अशी बसली होती, जणू पंगत वाढायची वाट बघताहेत. वरचे वासे काळेभोर, स्वच्छ. दीड तास खपले होते मी. मान भरून आली होती, पण मन कसं फुलून आलं होतं. आमच्या फलटणला कीर्तन असलं की त्या दिवशी सभामंडप झाडायचा मान मी कुणाला देत नाही. इथे मंडप नव्हता, पण कार्य तर होतं!

तेवढ्यात दार करकरलं आणि योस आत आला.

योस म्हणजे त्या पिंपांचा मालक. पंचाहत्तरीचा, उंच, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके. मी शिडीवरूनच हात जोडले आणि मला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एकदम बोलून टाकलं.

"गुड मॉर्निंग! क्लीन! ऑल क्लीन!"

त्याने वर वाशांकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या झाडूकडे. मग हळूच डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशी.

आणि मग तो ओरडला, "शरयू!"

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. शरयू माझी एकुलती एक लेक. बेल्जियमला गेली ती यीस्टवर डॉक्टरेट करायला. डॉक्टरेट झाली, तिथल्याच विद्यापीठात प्रयोगशाळेत नोकरी लागली, मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पुढे वर्षभराने कळलं की बाईसाहेबांनी नोकरी सोडली आणि ब्रुसेल्सच्या पश्चिमेला एका खेड्यात, एका म्हाताऱ्याच्या बिअरच्या कारखान्यात पिंपं धुताहेत. बिअरच्या! मी भजनी मंडळात सांगत राहिले, "प्रयोगशाळेत आहे." प्रत्येक वेळी जीभ अडखळायची. शेवटी मीच उठले आणि गेले. महिनाभर राहायला, असं तिला सांगितलं. पर्समध्ये मात्र परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक तिचं.

गेल्यावर कळलं ते आणखीच अवघड. योसला मूलबाळ नव्हतं, बायको हिल्ड चार वर्षांपूर्वी गेलेली. येत्या रविवारी तो सांगणार होता: कारखाना शरयूच्या हातात द्यायचा, की कायमचं कुलूप लावायचं. शरयू दिवस मोजत होती. मीही मोजत होते, पण उलट्या बाजूने. त्या दिवशी वार होता गुरुवार.

शरयू धावत आली. तिने वर पाहिलं आणि मटकन एका पालथ्या खोक्यावर बसली.

"आई, काय केलंस हे?"

"अगं, रविवारी एवढं मोठं ठरायचंय, आणि वर ही जळमटं! शुभकार्याला..."

"ते कोळी त्याने ठेवलेत. मुद्दाम."

"कोळी कुणी पाळतं का गं?"

"इथे पाळतात! काल या सहा पिंपांत चेरी टाकल्या. फेस वर येतो, म्हणून बूच घट्ट लावता येत नाही. चेरीच्या वासाला चिलटं येतात. चिलट आत गेलं की बिअरचं व्हिनेगर होतं. औषध मारता येत नाही, कारण ज्याने बिअर आंबते ते इथल्या हवेतलं यीस्ट मरतं. मग चिलटं कोण खाणार? कोळी! त्याच्या आजोबांपासून या वाशांना कुणी हात लावलेला नाही."

मी झाडूकडे पाहिलं. झाडूला दोन कोळी अजून लोंबकळत होते.

योस तिथल्या फ्लेमिश भाषेत काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, हे आणखी वाईट.

"काय म्हणाला?"

शरयू माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे तिच्या वडिलांसारखे आहेत. ते बघायला लागले की मला लपायला जागा उरत नाही.

"आई, तू मुद्दाम केलंस?"

"शरयू! पांडुरंगाची शपथ..."

"पांडुरंगाला मध्ये आणू नकोस. तू मला न्यायला आली आहेस, मला काय कळत नाही?"

मी शिडीवरून खाली उतरले. मी रडणारी बाई नव्हे. म्हटलं, "चिलटं यायला नकोत ना? नाही येणार. मी बसते इथे."

"तू?"

"मी. एक टॉवेल दे आणि एक स्टूल दे."

आणि मी बसले. सहा पिंपं ओळीत, त्यांच्यापुढे मधोमध मी. देवाला चवरी ढाळावी तसा टॉवेल ढाळत. उजवा हात दुखला की डावा. चिलटं येत होती हो! एवढीशी, तांबूस, आमच्याकडे पिकलेल्या केळ्यांवर येतात तशी. एक आलं की फटका, दोन आली की दोन फटके. पहिला तास मुकाट्याने गेला. दुसऱ्या तासाला माझ्याने गप्प बसवेना. सहा श्रोते समोर आणि मी गप्प, असं माझ्या जन्मात कधी झालेलं नाही. मी घसा खाकरला, नमन केलं आणि सुदाम्याचं आख्यान लावलं.

पूर्वरंग आटोपता घेतला, कारण पिंपांना निरूपणाची घाई नव्हती, मला आख्यानाची होती. सुदाम्याची बायको पोह्यांची पुरचुंडी बांधते तिथे आवाज मऊ केला. द्वारकेचे पहारेकरी अडवतात तिथे टॉवेल खांद्यावर टाकून पहारेकऱ्यासारखी उभी राहिले. आणि कृष्ण धावत येतो, अनवाणी, मुकुट सावरत, तिथे मी स्वतःच टाळ्या वाजवत गजर धरला. पाठीमागून आणखी एक टाळी ऐकू आली. तालाबाहेरची.

योस दाराशी खोक्यावर बसला होता. कधीचा, कुणास ठाऊक. शेजारी शरयू उभी.

"तो विचारतोय," शरयू म्हणाली, अजून फुगलेलीच, "तू कुणाला रागावत होतीस?"

"पहारेकऱ्यांना. मित्राला आत सोडेनात."

तिने सांगितलं. योसने मान डोलावली आणि लांबलचक काही विचारलं.

"म्हणतोय, मग सोडलं का आत?"

"त्याला म्हणावं, पुढचं ऐकायचं असेल तर ताल नीट धर. एक, दोन, तीन, सोड. एक, दोन, तीन, सोड."

योस शिकला. पाचव्या फेरीला जमलं त्याला. आख्यान संपलं तेव्हा त्याच्या गालांवर लाली चढली होती आणि सकाळची ती टोपी पुन्हा डोक्यावर गेली होती. तो उठला, एका जुन्या पिंपापाशी गेला, पुढच्या फळीतला बारीक खिळा पकडीने उपसला. सोनेरी धार नेमकी पेल्यात पडली. खिळा परत ठोकला आणि पेला माझ्यासमोर धरला.

मी हात मागे घेतले.

"तो म्हणतोय," शरयू म्हणाली, "ज्याची राखण करताय त्याची चव ठाऊक नको?"

माझ्या गळ्यात माळ नव्हती, हे खरं. पण आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलेलं नव्हतं. दारूचा वास आला की मी पदर नाकाला लावून रस्ता बदलणारी. शरयूने पेला परत घ्यायला हात पुढे केला. "असू दे आई, नको. जबरदस्ती नाही." तिचा तो आवाज! परक्या माणसाशी बोलावं तसा. मी पेला घेतला, मनात माउलीला हाक मारली आणि एक घोट घेतला.

आणि काय सांगू!

आधी आंबट. झणझणीत आंबट, डोळे मिटायला लावणारं. मग ते आंबटपण सरलं आणि मागून लिंबाच्या सालीचा वास, मग जुन्या लाकडाचा, मग पावसाळ्यात गोठ्यात भरून ठेवलेल्या वाळल्या गवताचा. आणि सगळ्यांच्या तळाशी एक ओळखीचा वास. अगदी घरचा. मी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला.

"गहू!" मी ओरडले. "शरयू, यात गहू आहे! भिजवलेला. कुरडयांच्या चिकाचा वास आहे हा! तीन दिवस भिजवल्यावर गहू दळायला घेतो ना, तेव्हा अंगणभर पसरतो तो. तोच! अगं, विचार त्याला, विचार!"

शरयू पहिल्यांदा हसली. "आई, ते बाटलीवर लिहिलंय. तीस टक्के गहू."

"मला कुठे वाचता येतंय ते? मी नाकाने वाचलं!"

हे तिने योसला सांगितलं. तो खो-खो हसला आणि लगेच दुसऱ्या पिंपाचा खिळा उपसला. हे एका वर्षाचं, ते दोन वर्षांचं, हे तीन. कोवळं पिंप नव्या कीर्तनकारासारखं: सगळं एकदम सांगायची घाई. तीन वर्षांचं मात्र अनुभवी बुवांसारखं: आधी काही बोलायचंच नाही, आणि मग एकच शब्द असा टाकायचा की अंगावर काटा. मी हे सगळं भराभरा बोलत होते, शरयू भराभरा सांगत होती आणि योस खिशातल्या वहीत लिहून घेत होता. एका हाताने माझा टॉवेल चालूच होता, बरं का. एक चिलट आत गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी शरयूला म्हटलं, "मी महिनाभर टॉवेल ढाळीन, पण पुढे? कोळी परत आणले पाहिजेत."

"कुठून?"

"गावात जळमटं नाहीत का? सगळ्यांच्याच घरी माझ्यासारखी आई येते का झाडायला?"

ती आत गेली आणि माझा फराळाचा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणाला तिने खिळ्याने भोकं पाडली होती.

टॉवेल योसकडे दिला आणि आम्ही दोघी निघालो. पहिलं घर शेजारच्या लीव्ह बाईंचं. दार उघडताच शरयूने फ्लेमिशमध्ये नम्रपणे काही विचारलं. बाईंनी माझ्या नऊवारीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. शरयूने पुन्हा सांगितलं. बाई पोट धरून हसल्या आणि आम्हांला गोठ्यात घेऊन गेल्या. गोठा कसला, कोळ्यांचं गोकुळच ते! शरयू पेला पालथा घालायची, मी खालून पोस्टकार्ड सरकवायची, ती डब्याचं झाकण किलकिलं करायची.

"आई, तो पळाला!"

"कुठे?"

"तुझ्या पदरावर!"

"काढ! काढ ना! नको, मारू नकोस गं, त्याला नोकरी लावायचीय!"

आम्ही हसून हसून गवतावर बसलो. लीव्ह बाईही बसल्या. दुपारपर्यंत तीन घरं आणि एक चर्चची अडगळीची खोली झाली. शरयूने मोजले, त्रेचाळीस. परत येताना तिने एका हातात डबा धरला होता आणि दुसरा हात माझ्या हातात होता. लहानपणी सप्ताहाहून परत येताना धरायची तसा.

"आई," ती म्हणाली, "मला पटलं. तू मुद्दाम नाही केलंस. मी उगाच बोलले."

डबा नीट धर, एवढंच मी म्हटलं.

आम्ही एकेक कोळी वाशांवर सोडला. काही निमूटपणे वर गेले, काही रुसून कोपऱ्यात बसले. योस खालून त्यांना बोटाने जागा दाखवत होता, जणू ते ऐकणार होते.

शनिवारी दुपारी शरयूने अंगणातल्या टेबलावर बाटल्या मांडल्या. म्हणाली, "एकाच बुवांचं कीर्तन ऐकून जाऊ नकोस. बाकीचेही ऐक." अहो, काय काय त्या देशात! एक गडद तपकिरी, काकवीसारखी, अंजीर आणि मनुका घातल्यासारखी. ती म्हणे मठातले साधू स्वतः बनवतात.

"साधू?" मी पेला खाली ठेवला. "खरेखुरे?"

"पहाटे उठून प्रार्थना करणारे. मठाला लागेल तेवढीच बनवतात, वर काही उरलं तर ते दानाला."

"मग हे तू मला फोनवर आधी का नाही सांगितलंस? मी मंडळात एवढी अडखळत होते!"

एक पिवळी, शेतावरच्या गड्यांसाठी पूर्वी बनायची ती, मिरपुडीच्या चवीची. एक ढगाळ, धणे आणि संत्र्याच्या सालीची. प्रत्येकीचा पेला वेगळा, कुठला रुंद तर कुठला उंच. शरयू म्हणाली, चुकीच्या पेल्यात ओतलं तर इथले लोक दुखावतात. मला ते फार आवडलं. आमच्याकडेही नैवेद्याची वाटी वेगळी असते. मी प्रत्येकीतून दोन-दोन घोट घेतले, पण बोलले मात्र दोन दोन पानं. योस तळहातावर हनुवटी टेकून ऐकत होता आणि शरयू सांगता सांगता अशी उजळत होती की मी पेल्याऐवजी तिच्याकडेच बघत राहिले. ती यीस्टबद्दल बोलत होती. कोणतं कधी जागं होतं, कोणतं वर्षभर निजून राहतं आणि मग सगळ्यांचं करून ठेवलेलं निस्तरतं. नोकरीत असताना फोनवर ती कधी अशी बोलली नव्हती. तिथे तिचा आवाज खालच्या पट्टीतच असायचा. मला वाटायचं, थकली असेल.

रविवार उजाडला. सकाळी दहाला योसने आम्हांला पिंपांपाशी बोलावलं. त्याने सहाही चेरीच्या पिंपांना कान लावला, वास घेतला. आतून बारीक चर्र आवाज येत होता.

"तो म्हणतोय," शरयू म्हणाली, "आता काही कळणार नाही. सहा महिन्यांनी कळेल. ठरवायचं मात्र आज आहे." ती थांबली. "आणि तो तुला विचारतोय. मला नाही. तुला. मी इथे राहावं असं तुला वाटतं का?"

मी योसकडे पाहिलं. तो टोपी हातात धरून उभा होता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! 'हो' खरंही होतं, निदान कालपासून. पण गुरुवारपासून एक गोष्ट माझ्या घशाशी अडकून बसली होती. एवढं गोड बोलून, एवढं हसूनही ती खाली उतरत नव्हती. कीर्तनात बुवा सांगतात, देवापुढे उभं राहिलं की आधी झोळी पालथी करावी. तिथे देव नव्हता. माझी लेक होती.

"शरयू, त्याला सांग," मी म्हटलं. "कोळिष्टकं मी मुद्दाम नाही काढली. पण तो दारात आला, त्याने वर पाहिलं, टोपी काढली, तेव्हा मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. आणि त्या क्षणी, एकच क्षण, मला आनंद झाला. वाटलं, झालं! आता हा हिला ठेवणार नाही. आता ही घरी येईल."

शरयू हलली नाही.

"सांग त्याला."

"आई..."

"तू विचारलंस तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगते आहे. सांग."

तिने सांगितलं. खाली मान घालून, एकेक शब्द. मला भाषा कळत नव्हती, पण तिने काही गाळलं नाही हे मला कळलं, कारण शेवटी तिचा आवाज फाटला.

योसने वर वाशांकडे पाहिलं. मग तो बोलला. अगदी थोडं. शरयूने झटकन मान वर केली.

"काय म्हणाला?"

मी तिचा दंड हलवला.

"अगं, काय म्हणाला?"

"म्हणाला..." तिने डोळे पुसले, "म्हणाला, मलाही."

"म्हणजे?"

"म्हणाला, मी ओरडलो खरा. पण मनातून मलाही त्या क्षणी बरं वाटलं होतं. म्हटलं, आता कारण मिळालं. आता पिंपं कुणाला द्यायला नकोत."

योसने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आणि मला हसू फुटलं. काय करू, फुटलं! त्यालाही फुटलं. आम्ही दोघं म्हातारे हसत होतो आणि मध्ये ती उभी होती, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे रागाने बघत.

"तुम्ही दोघं ना," ती म्हणाली, मराठीतच, "दोघं बाहेर जा बघू. आत्ता. मला या पिंपांचं काम आहे."

योसने भाषांतराची वाट पाहिली नाही. नव्या मालकिणीचा हुकूम मानल्यासारखे त्याने दोन पेले उचलले, मला दार उघडून दिलं आणि आम्ही अंगणातल्या बाकावर जाऊन बसलो. ऊन छान पडलं होतं. आतून पिंपांवर ठोकल्याचा आवाज येत होता, मधूनच तिच्या शिट्टीचा. योस दर दोन मिनिटांनी उठायला बघायचा, मी त्याची बाही धरून खाली बसवायची. पुढच्या वेळी माझे पाय उठायचे, तो माझ्यापुढे पेला धरायचा. जेवणवेळ टळून गेली तरी तिने आम्हांला हाक मारली नाही, आणि आम्हीही आत गेलो नाही.